काविळीत भुईआवळ्याचा रस द्यावा का?

तुम्ही विचारलंय की 24 वर्षांच्या भावाला कावीळ झालीय, बिलीरुबिन (रक्तातलं पिवळं द्रव्य, काविळीत वाढतं ते) 6 आलंय आणि शेजारच्या काकू रोज सकाळी भुईआवळ्याचा रस द्यायला सांगतायत, तर द्यावा का. मी डॉक्टर नाही, वैद्य पण नाही. लालबागच्या चाळीत वाढलोय आणि हा रस स्वतः प्यायलोय, त्यामुळे जे अनुभवलं आणि नंतर वाचून समजलं ते सांगतो.

भुईआवळा म्हणजे पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला, रेल्वे लाईनजवळ, अगदी गॅलरीतल्या कुंडीत पण आपोआप उगवतो तो. वीत-दीड वीत उंच, पाला साधारण चिंचेसारखा आणि फांदी उलटी केली की पानांखाली मोहरीपेक्षा जरा मोठी हिरवी फळं ओळीने लटकलेली दिसतात, तीच ओळखायची खूण. संस्कृतात भूम्यामलकी किंवा तामलकी. चरकसंहितेत तामलकी खोकला आणि दम्याच्या औषधांच्या यादीत आहे, च्यवनप्राशात पण पडते. पण आपल्याकडे घराघरात तिचं नाव निघतं ते काविळीसाठीच.

बारावीला असताना मला कावीळ झाली तेव्हा आजीने (ती मालवणकडची) अख्खं झाड मुळासकट आणलं, पाच-सहा वेळा धुतलं, पाट्यावर वाटलं, मलमलच्या फडक्यातून पिळलं आणि तो हिरवागार रस ताकात घालून उपाशीपोटी दिला. कडू आणि तुरट, नंतर चहा प्यायलो तरी चव जिभेवरून जायची नाही. तीन आठवड्यांत डोळे पांढरे झाले आणि सगळ्या चाळीत भुईआवळ्याचा जयजयकार. माझी ती हिपॅटायटीस ए (लिव्हरला सूज आणणारा एक व्हायरस) होती, घाण पाण्यातून होते ती, आणि तरुण माणसात ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच बरी होते हे मला फार नंतर कळलं. म्हणजे रसाने फायदा झाला की नुसत्या आरामाने, हे मी आज छातीठोक सांगू शकत नाही.

पण त्या एका अनुभवावर आम्ही पुढे माझ्या मामाला तोच रस दिला, आणि हे मी मुद्दाम लिहितोय. मामा पिवळा पडला, आजी म्हणाली कावीळच आहे, रस सुरू केला. तीन आठवडे. अंगाला इतकी खाज की रात्री उठून बसायचा, शौचाला गणपतीच्या शाडूच्या मातीसारखं पांढुरकं व्हायचं, तरी आम्हाला वाटायचं औषध लागू पडायला वेळ लागतो. शेवटी सोनोग्राफी केली तर पित्ताच्या नळीत खडा अडकलेला. कुठल्याच पाल्याने तो निघणार नव्हता, दुर्बिणीतून काढला तेव्हा मामा सुटला. कावीळ हे लक्षण आहे हो, आजाराचं नाव नाही. खडा, दारू, ए-बी-सी-ई हिपॅटायटीस, मुंबईच्या पावसात लेप्टो (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप), सगळ्यात डोळे पिवळेच होतात.

संशोधन म्हणाल तर 1988 मध्ये लॅन्सेटमध्ये मद्रासच्या संशोधकांचा अभ्यास आला होता, भुईआवळ्याची 200 मिलीग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, 30 दिवस, आणि 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून हिपॅटायटीस बी चं अँटिजेन (व्हायरस अंगात असल्याची खूण) गेलं. खूप आशा वाटली होती. पण नंतरच्या अभ्यासांत तसा रिझल्ट मिळाला नाही आणि आज हिपॅटायटीस बी साठी डॉक्टर हे औषध म्हणून देत नाहीत.

रस्त्याच्या कडेचा, गटाराजवळचा पाला उपटून कच्चा रस अजिबात देऊ नका, ज्या घाण पाण्यातून कावीळ होते तेच पाणी तुम्ही परत पोटात घालाल. काकूंचं मन मोडवत नसेल तर वैद्यांकडून घ्या आणि लिव्हरच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हे चालू आहे, लपवू नका. भावाला डायबेटिसच्या गोळ्या असतील तर आधी विचाराच, शुगर खाली जाऊ शकते. आणि त्यात गुळवेल वगैरे मिसळू नका, 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हर दुखावलेल्या 6 पेशंटची नोंद छापली होती. नाकात देवडांगरीचे (एक कडू रानवेल) थेंब, मनगटावर डाग म्हणजे चटके देणं हे तर कोणी कितीही सांगितलं तरी नको.

आज एवढं करा: हिपॅटायटीस ए, बी, सी आणि ई च्या टेस्ट, पोटाची सोनोग्राफी, एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) आणि त्याबरोबर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट). नुसत्या बिलीरुबिनवर जाऊ नका, लिव्हर काम करतंय का ते आयएनआरवरून जास्त कळतं. आणि भाऊ गुंगीत बोलायला लागला, दिवसा झोपून रात्री जागायला लागला, उलट्या थांबेनात किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. रिपोर्ट आले की इथे आकडे टाका, मी बघतो.