लोअरिंग स्प्रिंग बसवूनही गाडी पुढून उंच का राहते?

तुमच्या २०१८ सालच्या स्विफ्टला ३५ मिलिमीटर खाली उतरवणाऱ्या स्प्रिंगा लावूनही पुढची बाजू जेमतेम २० मिलिमीटर उतरली, स्टिअरिंग वळवताना ‘टंग’ असा आवाज येतो आणि मेकॅनिक स्प्रिंगचा एक वेढा कापायला सांगतो आहे. तो सल्ला मानावा का, असे तुम्ही विचारले आहे. वेढा मुळीच कापू नका. स्प्रिंगचा ताठपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा कार्यरत वेढ्यांपैकी एक काढला की ती सुमारे २० टक्के अधिक कडक होते, आणि कापलेले टोक खालच्या बैठकीत धड बसत नाही ते वेगळेच.

आवाजाचे कारण बहुधा त्या बैठकीतच आहे. स्ट्रटच्या (पुढच्या चाकावरच्या शॉकअप आणि स्प्रिंगच्या एकत्र जोडाच्या) खालच्या ताटलीत एक पायरी असते आणि स्प्रिंगचे टोक त्या पायरीला लागूनच यावे लागते. टोक पायरीवर चढलेले असले किंवा तिच्यापासून दूर राहिले, तर चाक वळताना स्प्रिंग थोडी अडकते आणि मग सटकते. तोच तुमचा ‘टंग’. वरच्या माउंटचे बेअरिंग झिजलेले असले किंवा जोडताना उलटे बसले, तरी असाच आवाज येतो, म्हणून स्ट्रट उघडलाच आहे तर ते हाताने फिरवून पाहा. स्ट्रट उघडताना स्प्रिंग कॉम्प्रेसरचे दोन्ही आकडे समोरासमोर लावून स्प्रिंग दाबावी आणि ती बैठकीत पुरती सैल झाल्याशिवाय मधल्या नटाला हात लावू नये, कारण दाबलेल्या स्प्रिंगमधला जोर माणसाला जन्माचा अधू करू शकतो. शिवाय तो नट आवळताना इम्पॅक्ट गन वापरली तर शॉकअपचा दांडा गरगर फिरतो आणि आतले सील खराब होण्याची भीती असते. दांडा ॲलन कीने धरून नट हातपान्याने आवळावा.

न उतरलेल्या १५ मिलिमीटरविषयी मात्र माझा संशय वेगळ्या जागी आहे, आणि स्प्रिंगा बसवणारे बहुतेक जण याच जागी चुकतात. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा. त्याच्या सांध्यातल्या बुशमधले रबर आतल्या लोखंडी नळीला आणि बाहेरच्या कड्याला पक्के चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की ती नळी सबफ्रेमला (गाडीखालच्या सांगाड्याला) जखडली जाते आणि त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो केवळ रबर पिळूनच. कारखान्यातले आवळणे मूळ उंचीला धरून असते. गाडी खाली उतरवल्यावर बोल्ट तसेच ठेवले, तर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि आर्मला खाली ढकलून गाडी उचलून धरते. ते बोल्ट कोणी चाके लोंबकळत असताना सोडून आवळले असतील, तर पीळ आणखी वाढतो. मी स्वतः पहिल्यांदा हे काम केले तेव्हा गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) असतानाच सगळे बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) अगदी नेमाने आवळले होते आणि आठ महिन्यांत दोन्ही बुश फाटले. आकडा बरोबर होता, उंची चुकीची होती.

उपाय सोपा आहे. लोअर आर्मचे बोल्ट आणि मागच्या टॉर्शन बीमचे (दोन्ही मागची चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उतरवा, ती पुढे-मागे ढकलून आणि चारही कोपऱ्यांवर दाबून बसू द्या, आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने ते आवळा. यासाठी पिट किंवा अलाइनमेंटचा रॅम्प लागतो, कारण चाके जमिनीवरच हवीत. आधी आणि नंतर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर सपाट जागी, टायरमध्ये सारखी हवा ठेवून मोजा. थोडी उंची नव्या स्प्रिंगा काही दिवस चालल्यावरही उतरते.

हे करताना आणखी दोन गोष्टी पाहा. गाडी जॅकवर पूर्ण उचलल्यावर मागची स्प्रिंग हाताने हलता कामा नये. ती सैल होत असेल, तर मोठ्या खड्ड्यात चाक लोंबकळताच ती जागेवरून निघू शकते. बंप स्टॉप (शॉकअपच्या दांड्यावरचा धक्का झेलणारा रबरी ठोकळा) मात्र स्प्रिंग उत्पादकाने सांगितले असेल तरच आणि तेवढाच कापावा, एरवी शॉकअप तळाला आपटेल. मूळ शॉकअपवर ३५ मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे.

तुमच्या गाडीचा मूळ ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिलिमीटर आहे, म्हणजे पूर्ण उतरल्यावर रिकाम्या गाडीखाली १२८ उरतील. भारतीय रोड काँग्रेसच्या प्रमाणाप्रमाणे गतिरोधक १०० मिलिमीटर उंच असतो, पण गल्लीतल्या मंडळींनी रातोरात घातलेला गतिरोधक कोणतेही प्रमाण मानत नाही. त्यातच मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालानुसार वाहनाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, तेव्हा विमा कंपनीला आणि आरटीओला विचारल्यावाचून पुढे जाऊ नका.

व्हील अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालवून झाल्यावर करा. गाडी उतरली की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) ऋण बाजूला, म्हणजे वरून आत, झुकतो आणि टो (चाकांची टोके आत-बाहेर वळलेली असणे) बदलतो; टो तसाच राहिला तर टायरची कड लवकर खाल्ली जाते. स्ट्रट नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत किंचित जागा असते, त्यामुळे डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये फरक दिसल्यास आधी तेच बोल्ट सोडून पुन्हा बसवून पाहा.