पगारपत्रकं बघणारीने सोशल पॉलिसी शिकावी का?

बी.कॉम. झालंय, डोंबिवलीहून येजा करत एका कंपनीत पगारपत्रकं सांभाळता, आणि आता सोशल पॉलिसीत, म्हणजे सरकारच्या कल्याणकारी धोरणांच्या अभ्यासात, मास्टर्स करावंसं वाटतंय. कॉमर्सवालीला ते जमेल का आणि मराठी माध्यमामुळे इंग्रजी वाचन अंगावर येईल का, असं विचारलंय तुम्ही. मी हे शिक्षण मुंबईतच घेतलं आणि पुढे याच क्षेत्रात राहिले, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

कॉमर्सची काळजी सोडा. दर महिन्याला तुम्ही लोकांच्या पगारातून व्यवसाय कराचे २०० रुपये कापता, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ साली आला तो महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचं आणि गावात मागेल त्याला काम द्यायचं, अशी ती मांडणी. वि. स. पागे यांनी लावून धरलेल्या या योजनेला १९७७ साली कायद्याचं रूप मिळालं. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. २०२३पासून महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना या करात सूट आहे, हे तर तुम्हीच मला सांगाल. आता पुढचं विचारा. सूट बायकांनाच का? २५ हजारांवरच रेघ का? बुडालेलं उत्पन्न कुठून भरून निघणार? आणि रोखीत पैसे घेणाऱ्या घरकामवालीच्या हातात यातून काय पडलं? दोन वर्षं हेच चालतं, फक्त जोडीला सिद्धांत आणि आकडेवारी असते.

वर्गात ‘टार्गेटिंग’वर, म्हणजे योजनेचा लाभ नेमका कुणाला द्यायचा यावर, तासन्‌तास वाद होतील. रेशनचं उदाहरण घ्या. महाराष्ट्रात शहरी भागात ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून स्वस्त धान्य मिळायला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे ५९ हजार रुपये. महिन्याचे पाच हजारसुद्धा होत नाहीत. गोवंडीत खोलीचं भाडं भरून राहणाऱ्या कुटुंबाने खरं उत्पन्न सांगितलं तर ते यादीबाहेर, म्हणून दाखल्यावरचा आकडा मर्यादेत बसवावा लागतो. मग मर्यादा वाढवा, असं कोणीही म्हणेल. पण २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्याला मिळालेला कोटा आहे ७ कोटी १६ हजार लोकांचा, तोही २०११च्या जनगणनेवर बेतलेला. मर्यादा वाढवली तर पात्र माणसं वाढतील, धान्य तेवढंच राहील. नियमात कोण बसतं, पैसा कुणाचा आणि बाहेर कोण राहतं, हे एकत्र बघायची सवय लागणं हाच या पदवीचा खरा फायदा, असं माझं मत. ‘समाजासाठी काहीतरी करायचंय’ एवढ्यावर येणारे पहिल्या सत्रातच वैतागतात, कारण पहिलं सत्र बहुतेक वाचनातच जातं.

इंग्रजीचं खरं सांगते, सुरुवातीला जड जातं. मार्शल, टिटमस वगैरे या विषयातल्या जुन्या ब्रिटिश अभ्यासकांची वाक्यं पानभर चालतात. पण या राज्यात धोरण प्रत्यक्ष उतरतं ते शासन निर्णयात, म्हणजे जीआरमध्ये, आणि ते मराठीत असतात. ‘सदर बाब शासनाच्या विचाराधीन होती’ छापाची ती भाषा बाहेरच्या राज्यांतून आलेल्या हुशार मुलांना फुटत नाही. वस्तीत मुलाखत घेतानाही तेच. गटात तुमची गरज कशी पडते ते बघालच.

कुठे शिकायचं? नेमकं ‘सोशल पॉलिसी’ हे नाव शोधत बसू नका. देवनारच्या ‘टिस’मध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) डेव्हलपमेंट स्टडीज, अर्बन पॉलिसी अँड गव्हर्नन्स, सोशल वर्क यांत हाच गाभा आहे. आयआयटी मुंबईत पब्लिक पॉलिसी आहे, विद्यापीठात कलिनाला अर्थशास्त्राच्या अंगाने जाता येतं. ‘टिस’ १९३६ची, आणि ती महापालिकेच्या ज्या एम-पूर्व विभागात आहे तो २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्यात तळाला होता. क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे वस्तीत जाऊन करायच्या कामासाठी, फार लांब जावं लागत नाही. (तुम्हाला कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने गोवंडी. सकाळी त्रास आहे.)

परदेशाचं म्हणाल तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा सोशल पॉलिसी विभाग ज्या कामातून उभा राहिला, त्याला १९१२ साली पैसा दिला मुंबईच्या सर रतन टाटांनी. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव ते, आपल्या काळातले रतन टाटा नव्हेत. आज आपली मुलं तिथे शिकायला कर्ज काढतात! एका वर्षात पदवी मिळते, पण क्षेत्रकार्य जवळपास नसतंच. अनुसूचित जातीतल्या असाल तर राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटी आधी वाचा. कर्ज काढून मात्र मी जाणार नाही.

नोकऱ्या संशोधन संस्थांत, स्वयंसेवी संस्थांत आणि कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागांत मिळतात. कंपनी कायद्याचं कलम १३५ आणि नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्चायचं गणित तुम्हाला शिकवावं लागणार नाही, त्यामुळे सीएसआरवाले लगेच घेतील. तिथे पगार बरा, पण दिवसभर एक्सेल आणि फोटोंसकट अहवाल. त्यासाठीच यायचं असेल तर आत्ताची नोकरी काय वाईट आहे?

राजीनामा इतक्यात देऊ नका. ‘टिस’चा प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेवर होतो, परीक्षा मार्चच्या सुमारास. तोवर लोकलमध्ये उभ्या उभ्या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरचे जीआर वाचा, सामाजिक न्याय किंवा महिला व बालविकास विभागाचे. सोबत लोकसंख्याशास्त्र संस्थेचा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा भाग चाळा. महिन्याभरात कंटाळा आला नाही तर फॉर्म भरा, आणि अभ्यासाचं काही अडलं तर इथेच विचारा.