तुर्कीतले दोन भूतकाळ

प्रश्न : मी तुर्की भाषा शिकत आहे. ‘तो आला’ यासाठी ‘गेल्दी’ आणि ‘गेल्मिश’ अशी दोन रूपे आहेत. पहिले रूप डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीसाठी वापरतात, असे वाचले. मग इतिहासाच्या पुस्तकांतही तेच कसे आढळते? शिवाय ‘मध्ये’ या अर्थाचा प्रत्यय कोठे ‘दे’, तर कोठे ‘दा’ का होतो?

उत्तर : ‘डोळ्यांदेखत’ ही व्याख्या सुरुवातीला उपयोगी असली, तरी अपुरी आहे. ‘दी’ लावणारा बोलणारा त्या विधानाची हमी घेतो; ‘मिश’ लावणारा, ही गोष्ट आपल्याला ऐकून किंवा खुणांवरून नंतर कळली, असे सुचवतो. म्हणूनच 1923 साली प्रजासत्ताकाची घोषणा झाली, हे आज कोणी पाहिलेले नसतानाही ‘दी’ने सांगतात, कारण त्याविषयी शंका नाही, परीकथा मात्र ‘मिश’मध्ये चालते. मराठीत हे काम क्रियापदाबाहेरचे ‘म्हणे’ किंवा ‘आलेला दिसतो’ अशी रचना करते. ‘मिश’ प्रथमपुरुषातही येतो, आणि तेथेच त्याची खरी गंमत कळते : डुलकीतून जागा झालेला माणूस ‘उयुमुशुम’ म्हणतो, म्हणजे ‘मला झोप लागली होती वाटते’.

या रूपात ‘मिश’चा ‘मुश’ झाला, त्याचे कारणच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. प्रत्ययातला स्वर शब्दातल्या शेवटच्या स्वराशी जुळवून घेतो. म्हणून ‘एव’ (घर) याचे ‘एव्दे’, पण ‘ओकुल’ (शाळा) याचे ‘ओकुल्दा’. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी ‘घोडा’चे ‘घोड्या’ असे सामान्यरूप करावे लागते. तुर्कीत मूळ शब्द बहुधा तसाच राहतो आणि प्रत्यय एकापुढे एक, ठरलेल्या क्रमाने लागतात : ‘एव्लेरिमिझ्दे’, म्हणजे घर, अनेकवचन, आमची, मध्ये. लिंगभेद नसल्याने आला, आली, आले या तिन्हींना एकच ‘गेल्दी’ पुरते, ही मराठी माणसाला मोठीच सवलत आहे.

द्वितीयेचा प्रत्यय मात्र सवलत देत नाही. ‘फिल्म इझ्लेदिम’ म्हणजे मी एखादा चित्रपट पाहिला. ‘फिल्मी इझ्लेदिम’ म्हणजे ज्याविषयी बोलणे चालले आहे तोच चित्रपट पाहिला. मराठीत ‘मी चित्रपट पाहिला’ हे एकच वाक्य दोन्हीकडे चालते. त्यामुळे हा लहानसा ‘ई’ आपल्याकडून हमखास सुटतो, आणि सरावात सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा.