प्रोसेसर बदलावा की एसएसडी बसवावी?

प्रश्न : घरचा संगणक आठ वर्षांचा आहे, आत हार्ड डिस्क आहे. सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं लागतात. आधी प्रोसेसर बदलू की एसएसडी घेऊ?

उत्तर : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि संगणक अडकलेला असतानाच आकडे पाहा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) २०-३० वर असेल, तर एसएसडीच, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क घ्या. हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर हव्या त्या जागी पोचायला दरवेळी सुमारे १० मिलिसेकंद जातात. एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतकाच वेळ लागतो. मात्र रॅमही (चालू कामाची तात्पुरती मेमरी) काठोकाठ भरलेली दिसली, तर आधी रॅम वाढवा. ती अपुरी पडली की विंडोज डिस्कवरच पसारा मांडते.

नवा प्रोसेसर सहसा जुन्या सॉकेटमध्ये (मदरबोर्ड या मुख्य सर्किट बोर्डावरच्या त्याच्या जागेत) बसत नाही. म्हणजे बहुधा मदरबोर्ड आणि रॅमही नवीन. व्हिडिओ एडिटिंगसारख्या कामात सीपीयू सतत १०० वर राहत असेल, तरच त्या खर्चात पडा.

एम.टू खाच (पट्टीसारखी एसएसडी थेट मदरबोर्डवर बसवायची जागा) असली, तरी ती साटा घेते की एनव्हीएमई (एसएसडी जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती), हे मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत बघा. क्लोन केल्यावर, म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं एसएसडीवर जसंच्या तसं उतरवल्यावर, पहिल्यांदा सुरू करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. नाहीतर संगणक तिच्यावरूनच सुरू होतो आणि एसएसडी बसवूनही फरक पडला नाही असं वाटतं.