‘सार्वकालिक दृष्टीनं जगणं’ म्हणजे ख्रिस्ती माणूस रोज नेमकं काय करतो?

तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की ऑफिसातला तुमचा ख्रिस्ती सहकारी सारखं म्हणतो, तो अनंतकाळाकडे बघून जगतो. मग घर, पैसा, वाटणी असल्या गोष्टींचं त्याला काही वाटत नसेल ना? वाटतं. वाटायलाच पाहिजे. आणि मला काहीच वाटत नाही असं जो सांगतो, त्याच्या हातात कुणाच्या घराचे कागद आहेत ते आधी बघा.

मी मिरजेची. पेशानं नर्स, नोकरीतली बहुतेक वर्षं रात्रपाळीत गेली. वडील कंपाउंडर होते. त्यांनी फंडाच्या पैशातून गावात तीन खोल्यांचं घर बांधलं, मागं लिंबाचं झाड लावलं. ते अचानक गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई त्याच घरात राहिली. धाकटा भाऊ पुण्याला असतो, तिथल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रवचनं करतो. वडिलांच्या स्मरणार्थ प्रार्थना ठेवली त्या दिवशी तो सहकुटुंब आला. पाळकसाहेब चहा घेऊन गेले, शेजारपाजारचे गेले, आई शेजारून आणलेल्या सतरंजीची घडी घालत होती. भावानं बॅगेतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत दोन हक्कसोड पत्रं, एक माझं, एक आईचं, मुद्रांकावर टाइप करून तयार. सही कुठं करायची तिथं पेन्सिलीनं फुल्यासुद्धा मारलेल्या. बिल्डरशी त्याचं बोलणं झालं होतं, हे मला नंतर कळलं.

फोल्डर पुढं सरकवायच्या आधी त्यानं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. मत्तयाचा सहावा अध्याय. पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, इथं कसर आणि जंग खाऊन टाकतात, चोर घर फोडतात, स्वर्गात साठवा. वाचून झाल्यावर म्हणाला, “ताई, तू तर विश्वासातली आहेस. या चार भिंतींत काय जीव अडकवतेस? आपलं खरं घर वर आहे.”

आई घडी घालता घालता थांबली. म्हणाली, “व्हय रे बाबा, वर हायच. पर तोवर मी ऱ्हाऊ कुठं?”

त्यानं उत्तर दिलं नाही. आईचं पुढं बघू, असं काहीतरी पुटपुटला आणि मग लूक काढलं. बाराव्या अध्यायात एक माणूस येशूला म्हणतो, माझ्या भावाला सांगा, मला वतनाचा वाटा दे म्हणून. आणि येशू त्याला म्हणतो, मला तुमचा वाटणी करणारा कुणी नेमलं? भावाचं म्हणणं, बघ, वाटा मागणाऱ्याला प्रभूनं कसं परतवून लावलं. मी म्हटलं, पुढची ओळ वाच. पुढं येशू लोभापासून जपा म्हणतो, आणि ते एकट्या त्या माणसाला नाही, तिथल्या सगळ्यांना म्हणतो. वाटा दाबून बसलेला भाऊही त्यात आला. आणि मुलीनं वाटा मागणं देवाला चालत नसतं तर जुन्या करारातल्या गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात वडिलांच्या वतनात वाटा मागणाऱ्या सलाफहादाच्या पाच मुलींचं म्हणणं रास्त आहे असं परमेश्वरानं मोशेला सांगितलं नसतं.

मग मी योहानाचा एकोणिसावा अध्याय काढला. येशू वधस्तंभावर आहे, श्वास घेता येत नाही अशी अवस्था. त्याच्याइतका अनंतकाळ कुणाला स्पष्ट दिसत असणार? तरी तो खाली बघतो आणि आईला एका शिष्याच्या स्वाधीन करतो, आणि तो शिष्य तिला आपल्या घरी नेतो. मरणाच्या दारात असताना त्यानं आईच्या राहण्याची सोय लावली. हे वाचून मी फोल्डर परत दिलं. सही केली नाही. आईलाही करू दिली नाही.

लगेच मंडळीत कुजबुज. ताईला ऐहिक गोष्टींचा मोह पडला म्हणे. हे ज्या बायकांनी म्हटलं त्यांचीच सोन्याची गंठणं उपासनेत लखलखत असतात, पण ते असो. माझं मत तेव्हा जे होतं तेच आज आहे: सोडायचं तर माणसानं स्वतःचं सोडावं. दुसऱ्याला सोडायला लावायला शास्त्र काढू नये. आपल्या साताऱ्याचंच उदाहरण घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. सोडला तो स्वतःचा पगार. त्याची झळ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना बसलीच, हेही मी विसरत नाही. घरातल्या एकाच्या वैराग्याचा खर्च बहुतेक वेळा घरातली बाई भागवते.

आता तुमचं मूळ विचारणं, रोज काय करतो. सकाळी वचन वाचतो, संध्याकाळी घरात प्रार्थना होते, पगारातला दशांश बाजूला काढतो, रविवार चुकवत नाही. हे तुमच्या सहकाऱ्यानं सांगितलंच असेल. पण मला विचाराल तर खरी गोष्ट पहाटे तीनला कळते. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. तक्त्यावर वेळ टाकून सही करायची असते. पेशंट बेशुद्ध, नातेवाईक बाहेर वऱ्हांड्यात झोपलेले, डॉक्टर नाहीत. कूस न बदलता नुसती वेळ टाकली तर कुणाला कळणार? मी अशा सह्या झालेल्या बघितल्यात. त्या घडीला कलस्सैकरांस पत्रातला तिसरा अध्याय आठवतो, जे काही कराल ते माणसांसाठी नाही, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. मग उठायचं, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, चादरीची सुरकुती काढायची, लाल झालेली जागा बोटानं दाबून बघायची, पाठीशी उशी लावायची आणि मगच सही. कुणी बघो न बघो, तो बघतो आणि ते वाया जात नाही, एवढा विश्वास असला की काम नीट होतं. माझ्या लेखी अनंतकाळाकडे बघणं हेच आहे. त्यासाठी नजर वर लावून बसावं लागत नाही.

स्वर्गाकडे डोळे लावणाऱ्यांना इथलं काही पडलेलं नसतं असं वाटत असेल तर मिरजेला या. विल्यम वानलेस 1889 मध्ये इकडं आले, 1894 मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं राहिलं. ते काही स्वर्ग विसरलेले नव्हते, मिशनरी होते. तरी त्यांनी उघडलं ऑपरेशन थिएटर, आणि क्षयाच्या रोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या मध्ये आरोग्यधाम काढलं. वानलेसवाडी हे नाव तिथूनच आलं.

भावाशी अबोला बरीच वर्षं चालला. इथं मात्र अनंतकाळ आड येतो. ज्याच्यासोबत पुढं कायमचं राहायचं आहे असं मी मानते, त्याचं नाव प्रार्थनेतून वगळता येत नाही. दर नाताळला करंज्यांचा डबा पुण्याला जातो. वाट्यावरचा माझा हक्क तसाच आहे आणि डबाही जातोच. यात तुम्हाला विसंगती दिसेल, मला दिसत नाही. आई शेवटपर्यंत स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर राहिली. तिची शुश्रूषा मी केली.

प्रत्येक हक्कसोड म्हणजे फसवणूक असं माझं म्हणणं नाही. माझ्या एका मैत्रिणीनं अपंग भावासाठी आनंदानं सही केली, कुणी मागितलीही नव्हती. आणि मी पाळक नाही, दुसऱ्या मंडळीतला माणूस हे सगळं वेगळ्या तऱ्हेनं सांगेल. तुमच्या सहकाऱ्याबद्दलही माझ्या मनात काही नाही, तो सरळच माणूस असेल.

पण हे वाचणाऱ्या ख्रिस्ती बहिणींसाठी एक लिहून ठेवते. हिंदू वारसा कायद्यात 2005 मध्ये जी दुरुस्ती झाली ती आपल्याला लागू नाही आणि तिची गरजही नाही. आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आईचा एक तृतीयांश, उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे आणि मुली सारखे. एक भाऊ, एक बहीण असेल तर तिघांचा वाटा समसमान. मृत्युपत्र असेल तर गोष्ट वेगळी, वकिलाला विचारा. वडील गेल्यावर सिटी सर्व्हेला जाऊन मालमत्ता पत्रकावर आईसकट सगळ्यांची वारस नोंद आधी लावून घ्या. सही द्यायची का नाही ते त्यानंतर, घरी, आईला शेजारी बसवून ठरवा.