उलटी कसली? अंबर म्हणा!

वेंगुर्ल्याच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: ‘दर दोन-चार महिन्यांनी व्हेल माशाची कोट्यवधींची उलटी जप्त झाल्याची बातमी येते. या वस्तूला मराठीत धड नाव नाही का? आणि उलटी नि ओकारी यांत फरक काय?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन मोकळा होतो. ओकारी नुसतीच येऊन जाऊ शकते. उलटी होते ती होतेच. झालं.

आता पहिला. ताई, नाव आहे आणि चांगलं भारदस्त आहे: अंबर. पण आपल्या बातमीदारांना ‘उलटी’ सोडवत नाही. बातमीचा फोटोसुद्धा ठरलेला. टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर राखाडी-काळपट ओबडधोबड गोळा, शेजारी वजनकाटा. मागे साहेब ताठ उभे आणि पुढे दोघे-तिघे तोंडाला रुमाल बांधून उकिडवे. खाली मजकूर: ‘आंतरराष्ट्रीय बाजारात किंमत अमुक कोटी’. हा बाजार कुठे भरतो आणि भाव कोण काढतो, हे मात्र कधी छापून येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे या गोळ्याचा व्यापार हा गुन्हा आहे. त्यामुळे भाव कोटीचा असला तरी गिऱ्हाईक म्हणून येतो तो बहुधा साध्या वेशातला पोलीस.

बरं, मथळ्यातले दोन शब्द सरळ चुकीचे आहेत. व्हेल हा मासा नव्हे. तो पिलांना दूध पाजणारा प्राणी आहे. ‘देवमासा’ शब्दातही मासा आहे, हे ऐकवायला कुणीतरी येणारच. असू दे. तो आपल्या वाडवडिलांनी ठेवलेला शब्द आहे आणि त्यात निदान देव तरी आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याला जे पिल्लू किनाऱ्याला लागलं, ते देवमाशाचं पिल्लू. पण ‘व्हेल मासा’ हा प्रकार म्हणजे इंग्रजीही धड नाही आणि मराठीही धड नाही.

आणि उलटी? अंबर तयार होतं स्पर्म व्हेलच्या आतड्यात. या प्राण्याचं मुख्य खाणं माकूल, म्हणजे इंग्रजीतला स्क्विड. कोकणात राहून ज्यांनी कधी माकूल साफ केलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो: मुंडीच्या मधोमध, पायांच्या बेचक्यात बोटाने दाबलं की काळी, टणक चोच टुपकन बाहेर येते, थेट पोपटाची असावी तशी. ही चोच देवमाशालाही पचत नाही. बहुतेक चोची तो खरोखरच ओकून टाकतो, आणि त्या ओकण्यातून अंबर होत नाही! ज्या थोड्या चोची चुकून पुढे आतड्यात सरकतात, त्यांच्याभोवती मेणासारखं द्रव्य साचत जातं आणि वर्षानुवर्षांनी गोळा होतो. तो बाहेर पडतो तो अभ्यासकांच्या मते मागच्या दाराने, नाहीतर जनावर मेल्यावर. तेव्हा आमच्या वाहिन्यांनी देवमाशाचं तोंड कुठलं, इथपासूनच घोळ घातलेला आहे. त्यापेक्षा आपले जुने रसशास्त्रकार बरे. त्यांनी ‘अग्निजार’ नावाचं एक द्रव्य सांगितलंय: अग्निनक्र नावाच्या जलचराची समुद्राने बाहेर टाकलेली, उन्हात वाळलेली वार, म्हणजे पिल्लू जन्मल्यावर मागून पडते ती. पुष्कळ वैद्य अग्निजार म्हणजे अंबरच मानतात. चिनी लोक त्याला ड्रॅगनच्या लाळेचं सुगंधी द्रव्य म्हणतात. वार काय, लाळ काय, चुकले सगळेच. पण चुकण्यात काही अदब होती.

शब्द मूळचा अरबी, ‘अन्बर’. ब-आधीचा न उच्चारात म होतो, म्हणून आपल्या कानाला ‘अंबर’. हा शब्द युरोपात गेला आणि तिथे एक गंमत झाली. समुद्राकाठी सापडणाऱ्या पिवळ्या, पारदर्शक राळेच्या खड्यालाही लोक तेच नाव देऊ लागले. मग गोंधळ नको म्हणून फ्रेंचांनी आपल्या या गोळ्याला ‘आंब्र ग्री’, म्हणजे राखाडी अंबर, म्हणायला सुरुवात केली. इंग्रजांनी ते जसं ऐकलं तसं दाबून ‘अँबरग्रिस’ केलं. आणि आमचे काही नवसाक्षर आता मराठीत ‘अंबरग्रीस’ लिहितात! घरचं अंबर टाकून फ्रेंचांचा राखाडी रंग कशाला उसना आणायचा?

आमच्या ओळखीतले एक शास्त्रीबुवा मात्र हटून बसलेत की हा शब्द संस्कृतच. अंबर म्हणजे आकाश, गोळा क्षितिजाकडून वाहत येतो, म्हणून अंबर. शास्त्रीबुवा, क्षितिजाकडून वाहत येतं ते अंबर, तर मग पावसाळ्यात किनाऱ्याला येणारे प्लास्टिकचे डबेही अंबरच म्हणायचे का? संस्कृत कोशांत अम्बराच्या अर्थांमध्ये वस्त्र नि आकाश यांच्या मागे एक सुगंधी द्रव्य दिलेलं आहे, हे खरं. पण ते पीतांबरातल्या अंबराचं सख्खं भावंड नव्हे. गलबतातून आलेला पाहुणा घरच्या नावात बसून गेलाय, एवढंच.

आणि आला कुठून? विद्वान म्हणणार, सुलतानी दरबारातून, फारसीच्या बोटाला धरून. मला हे अजिबात मान्य नाही. इ.स. ९१६च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या चौलला येऊन गेला. त्याने चौलला ‘सैमूर’ म्हटलंय, शिलाहार राजा झंझ याचं नाव दिलंय आणि तिथे हजारो मुसलमान राहत असल्याचंही लिहिलंय. हाच मसूदी अंबराबद्दल आणि ते गिळणाऱ्या महाकाय माशाबद्दलही लिहितो. एवढा अरबी व्यापार चौलच्या बंदरात चालू असताना अंबराचं नाव दिल्लीहून घाट उतरून येईपर्यंत आमचे कोकणी व्यापारी काय नुसती खूण करून माल घेत होते? शब्द थेट चौलच्या धक्क्यावर उतरला असणार. हे माझं मत आहे, आणि याला ताम्रपट मागू नये.

पण खरी मेजवानी पुढेच आहे. निजामशाहीचा कर्ताधर्ता, १६२६ साली वारलेला मलिक अंबर. त्याचं नाव आकाशावरून आलं असं शाळेत कित्येकांना वाटायचं. तो मूळचा हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. आणि गुलामांना उंची मालाची नावं ठेवायची त्या काळी रीतच होती. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर म्हणजे कापूर. जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान, ज्याने १६८९मध्ये इंग्रजांच्या मुंबईवर हल्ला चढवला, तो माणिक. आणि अंबर म्हणजे आपला हाच सुगंधी गोळा. आता आजच्या बातमीदारांच्या हाती इतिहासाचं पुस्तक दिलं तर मोगलांना दख्खनमध्ये जेरीस आणणाऱ्या त्या पुरुषाचं नाव ते काय छापतील, याचा विचार करून मी दोन दिवस एकटाच हसतोय.

जाता जाता त्या पिवळ्या खड्याचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे त्याला तृणमणी म्हणतात, आणि फारसीत ‘काहरुबा’, म्हणजे गवताची काडी पळवणारा. खडा लोकरीवर घासला की काड्या, पिसं खेचून घेतो, म्हणून हे नाव. ग्रीकांनी त्यालाच ‘इलेक्ट्रॉन’ म्हटलं आणि त्यावरून इंग्रजी इलेक्ट्रिसिटी आली. अरबांनी फारसी शब्द उचलला आणि त्यांच्याकडे विजेला आजही ‘कहरबा’ म्हणतात. मिरगाच्या पहिल्याच सरीला आमच्या वाडीत जी जाते ती हीच.