‘सिली गूज’ ही शिवी समजावी का?

प्रश्न : माझा चार वर्षांचा नातू इंग्लंडमध्ये बालवाडीत जातो. मी तिकडे गेले असताना त्याने डावा बूट उजव्या पायात घातलेला पाहून त्याच्या बाई हसत ‘यू सिली गूज’ म्हणाल्या. शब्द लावून पाहिले तर ‘मूर्ख हंस’ असा अर्थ निघाला आणि मन खट्टू झाले. हा अपमान समजावा का?
— एक आजी, सातारा

उत्तर : आजी, मुळीच समजू नये. नातवाच्या बाईंच्या जागी आपण असता, तर त्याचा बूट नीट घालून देताना आपल्या तोंडून जे ‘अरे वेडोबा!’ सहज निघाले असते, तेच त्या इंग्रजीत म्हणाल्या.

घोटाळा झाला तो शब्दाला शब्द ठेवल्यामुळे. इंग्रजीत ‘स्वान’ आणि ‘गूज’ हे दोन निराळे पक्षी असून डौल आणि सौंदर्य ‘स्वान’च्या वाट्याला आले आहे, तर अंगणात फेंगड्या चालीने फिरणारा, कशावरूनही कलकलाट करणारा पाळीव ‘गूज’ वेंधळेपणाची खूण ठरला आहे. मराठीत मात्र दोघांनाही ‘हंस’च म्हणतात, आणि आपला हंस दूध व पाणी वेगळे करणारा, म्हणजे विवेकाचे प्रतीक, त्यामुळे ‘मूर्ख हंस’ कानाला विपरीत वाटणारच.

‘सिली’ची कथा तर त्याहून हृद्य आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मूळ रूपाचा अर्थ ‘सुखी, धन्य’ असा होता, आणि त्याचा जर्मन भाऊबंद ‘झेलिग’ आजही ‘धन्य’ याच अर्थाने वापरतात. इंग्रजीत मात्र धन्य म्हणून निष्पाप, निष्पाप म्हणून बिचारा, बिचारा म्हणून दुबळा आणि शेवटी बावळट, असा तो शतकानुशतके घसरत आला. आपल्याकडे शंकराला लाडाने ‘भोळा’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा ‘भोळसट’ झाला की माणूस दुखावतो, तशीच ही घसरण आहे.

रोजच्या बोलण्यात ‘सिली गूज’ हा शब्दप्रयोग मुलांना, जिवलग मैत्रिणीला, नवरा-बायकोत एकमेकांना, किंवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधल्यावर स्वतःलाच उद्देशून वापरतात. कचेरीत एखाद्या पुरुषाने स्त्री सहकाऱ्याच्या मतावर तो उच्चारला, तर मात्र तो खरोखर लागतो, कारण तिथे तिला लहान मुलीच्या जागी बसवलेले असते.

नातवाला मराठीत सांगायचे झाल्यास ‘वेडोबा’च सांगावे, नात असती, तर ‘वेडाबाई’.